मागच्या चाकाचं पाणी

"आये, हाच घे. मी पण हाच वापरतो. वळणावर गाडी झोपव, नायतर काय पण कर, हा रस्ता सोडत नाय."

कल्पेशने रॅकवरचा रुंद, जाडजूड टायर खाली ओढला आणि बाजारात बैल उभा करावा तसा आईसमोर उभा केला.

"मी कशाला गाडी झोपवू?" दमयंती म्हणाली. "झोपायला मना घर हाय."

टायरवाला केतन हसला. कल्पेश हसला नाही. आईच्या कोपरावरची खपली त्याला दुकानात शिरल्यापासून दिसत होती.

दमयंती करंजा गावची कोळीण. तिचा नवरा भगवान धक्क्यावरून ताजी मासळी उचलायचा आणि मोटरसायकलवरून पनवेलच्या बाजूला न्यायचा. दमयंती त्याच्यामागे एका बाजूला पाय सोडून बसायची. तिच्याही मागे, लोखंडी कॅरियरवर, मासळीची निळी पेटी बांधलेली. विचुंब्याच्या नव्या इमारतींत बायका थाळ्या घेऊन यांची वाट बघायच्या. मग एके दिवशी भगवानच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पाय थोडा सावरला, पण डाव्या हाताची मूठ काही मिटेना. क्लच धरणार कोण?

दमयंतीने धरला. ज्या वयात कोळीवाड्यातल्या बायका सुनेवर घर सोपवून ओट्यावर बसतात, त्या वयात तिने जाळी वाळत घालायच्या मैदानात गाडी शिकून घेतली. बघायला सगळा कोळीवाडा जमला होता. "दमेनं गाडीशी दुसरं लगीन लावलंन," असं शेजारच्या सखूबाईने भर मैदानात ओरडून सांगितलं. दमयंती गाडी थांबवून म्हणाली, "लगीन लावलं तर लावलं. जेवायला ये." तेव्हापासून कोणी हसलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात ती पडली. गव्हाण फाट्याच्या वळणावर रस्त्याचं काम चालू आहे. धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारून जातो. तिथे मागचं चाक असं सरकलं, जसं कुणी गाडीखालून चटई ओढून घ्यावी. बांगडे रस्ताभर पसरले. मागून येणारा बंदराचा ट्रेलर वेळेत थांबला म्हणून निभावलं.

कल्पेश बंदराजवळच्या कंटेनर यार्डात नोकरीला. रोज तेच ट्रेलर बघतो. त्या रात्री तो जेवला नाही. "बस झालं, आये. गाडी इकून टाकू," एवढंच म्हणाला. खूप वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं, की टायर गुळगुळीत झालेत, ते बदलायचे. पण पुन्हा एकदा जरी गाडी पडली, तर दमयंतीने आपल्या हाताने चावी मुलाला द्यायची. "देईन," ती म्हणाली होती. कोळणीने दिलेला शब्द भरती-ओहोटीसारखा असतो, त्यात मागेपुढे होत नाही.

म्हणून आज ती दोघं पनवेलला केतनच्या दुकानात उभी होती.

"मावशी," केतनने विचारलं, "तुम्ही गाडी कशी चालवता?"

"हळू चालवते," कल्पेश म्हणाला. "ब्रेकवर पाय ठेवूनच—"

"तुला नाही विचारलं रे. मावशींना विचारलं."

गाडी का चालवतेस, हे दमयंतीला सगळ्यांनी विचारलं होतं. कशी चालवतेस, हे कोणी विचारलं नव्हतं.

"सकालच्या पारी धक्क्यावर चिखल असतो," ती विचार करत बोलू लागली. "माशांचे खवले असतात. तिथून हलूहलू काढते. मग सडक. सरल जाते. मागं भरलेली पेटी, म्हनून गाडी वाकवत नाय. वाकवली का बरफ एका कुशीला जातो, आन् सगली पेटी वढ घेते. वलन आलं का आधीच सावकास होते. पुढचा ब्रेक निस्ता बोटानं धरते."

बोलता बोलता तिची नजर केतनने काढून ठेवलेल्या जुन्या मागच्या टायरवर गेली. ती उकिडवी बसली. मासा ताजा आहे का ते बघायला कल्ला उचलावा, तसा तिने टायर कलता केला आणि अंगठा फिरवला. मधला पट्टा झिजून पाट्यासारखा सपाट. पण कडेला, दोन्ही अंगांना, नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस अजून जसेच्या तसे उभे होते.

ती उठली आणि बाहेर लावलेल्या कल्पेशच्या गाडीपाशी गेली. त्याच्या टायरच्या कडा पार खाल्ल्या गेल्या होत्या. केस औषधालाही नव्हता.

"कल्पेस, इकडं ये. तुजी गाडी कडंवर पलते. माजी मदीच पलते. तुजा टायर मी काय करू? मागच्या खेपेला पन तूच निवडून आनलास, आन् त्याच्या कडा नव्याच्या नव्या रायल्या. जिकडं मना रबर पायजे होता तिकडं तो झिजला."

"बरोबर बोलतायत," केतन म्हणाला, आणि आतून दोन टायर घेऊन आला. पुढच्याला सरळ लांब पन्हळी. मागचा अंगाने कडक, भार पेलणारा, मध्ये रबर जाड आणि खोल खाचा, चिखल आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या.

कल्पेशचं तोंड वाकडं झालं. "हा तर दूधवाल्याच्या गाडीचा टायर!"

"दूदवाला पडलेला पायलास कवा?"

केतनने मान खाली घालून चाक हातात घेतलं. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. पण चाक पुसता पुसता तो थांबला. रिमवर, काढलेल्या टायरच्या अंगावर, सगळीकडे पांढुरका चिकट थर होता. त्याने बोट लावून वास घेतला.

"मावशी, हे माशाचं पाणी आहे. चाकावर कुठून आलं?"

दमयंतीने गाडीकडे पाहिलं आणि तिला एकदम सगळं दिसलं.

बर्फाचं पाणी साचलं की मासळी मऊ पडते, म्हणून भगवानने पेटीला भोक पाडून पाइप बसवला होता. पेटी पार मागे होती तेव्हा पाणी चाकाच्या मागे पडायचं. पण भगवानने गाडी सोडली, दमयंती पुढच्या सीटवर आली आणि तिची मागची जागा रिकामी झाली. तोल बरा राहावा म्हणून तिने पेटी त्या जागेवर ओढून घेतली. पाइप तेव्हा बाजूने लोंबायचा. पनवेलच्या सिग्नलला लोक नाकाला रुमाल लावायचे, आणि एकदा कल्पेश म्हणाला होता, "आये, तो पाइप जरा आत घे. बरं दिसत नाय." तिने घेतला. आत, सांगाड्यातून, कोणाला दिसू नये असा. त्याचं तोंड बरोबर मागच्या चाकाच्या पुढ्यात आलं होतं. करंज्यापासून विचुंब्यापर्यंत ती आपल्याच चाकाखाली माशाचं बुळबुळीत पाणी ओतत जात होती.

कल्पेश खाली बसला. त्याने पाइप ओढून बाहेर काढला, केतनकडून हातभर जास्तीचा तुकडा मागून घेतला, जोडला, आणि चाकाच्या मागे, डाव्या अंगाला, तारेने आवळून बांधला.

"दिसेल हा," तो हळूच म्हणाला.

"दिसू दे," दमयंती म्हणाली. "पानी माशाचं हाय, चोरीचं नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पेटी भरून निघाली. कल्पेश ड्युटीला दांडी मारून मागोमाग. फाटा जवळ आला आणि तिने पाहिलं, टँकर नुकताच पाणी मारून गेला होता. सगळं वळण चहाच्या गाळासारखं तपकिरी चमकत होतं. तिने ब्रेक दाबला नाही. गाडी आधीच सावकाश केली होती, मूठ तशीच धरली, आणि वळण घेतलं. खाचांतून चिखल फर्रर्र उडाल्याचं तिने ऐकलं. मागचं चाक एकदासुद्धा डळमळलं नाही. होडी खाडीतून वल्ह्याच्या एका फटक्याने बाहेर निघावी, तशी गाडी वळणातून बाहेर निघाली.

पलीकडे कोरड्या रस्त्यावर तिने मागे वळून पाहिलं. कल्पेशची रुंद टायरची गाडी चिखलात फुगडी घालत होती. दोन्ही पाय खाली टेकून, बदकासारखा चालत चालत तो वळण पार करत होता.

"ये, ये, सावकास ये!" ती ओरडली. "पडलास तर चावी मना द्यायला लागंल!"

पनवेलच्या सिग्नलला एका गाडीवाल्याने पाइपकडे बघून नाक दाबलं. एरवी दमयंतीने पदर सारखा केला असता आणि मान फिरवली असती. आज ती म्हणाली, "बोंबील हायेत, दादा. आताच आलेले. विचुंब्याला येतंस का?" सिग्नल सुटायच्या आत त्याने इमारतीचं नाव विचारून घेतलं. विचुंब्याला इमारतीच्या फाटकात रोजची गिऱ्हाईक प्राची थाळी घेऊन उभी होती, तिच्यामागे आणखी बायका. "मावशी, तुम्ही बंद केलं म्हणून ऐकलं!" "कोन बोलला?" दमयंती पेटीचं झाकण उघडत म्हणाली. कल्पेश बाजूला उभा राहून मुकाट पिशव्या धरत होता.

दुपारी घरी आली तेव्हा भगवान दारात बसला होता. त्याने उजव्या हाताचा अंगठा मागच्या टायरवर फिरवला. मध्ये चिखल होता. कडेला केस होते.

"पडलीस नाय," तो म्हणाला.

"नाय."

त्याने दाढी केली होती आणि धुतलेला सदरा घातला होता, हे तिला आता दिसलं. तिने पेटी सोडली, पार मागे कॅरियरवर नेऊन बांधली आणि मोकळ्या सीटवर हात मारला.

"बसा. धक्क्यावर जाऊन येऊ. पन मागून ब्रेक सांगायचा नाय."

भगवान बसला. चांगला हात त्याने तिच्या खांद्यावर ठेवला. गाडी कोळीवाड्यातून निघाली तशी सखूबाई ओट्यावरून उठून उभी राहिली.

सकाळी पडलेलं पेटीचं पाणी रस्त्याच्या कडेला वाळून गेलं होतं. त्याची पांढुरकी रेघ चाकाच्या खुणेपासून वीतभर अंतर राखून सरळ गेली होती. भगवान मान वळवून ती रेघ बघत राहिला, थेट धक्का येईपर्यंत.