श्वास घेणारं जाकीट

वैजनाथ धारूरकरांनी चितेगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं 'नाही' म्हणायचा पगार घेतला. गाड्यांचे लोखंडी सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे. ते एकेक उजेडात धरायचे, नखानं खरवडायचे आणि मनाला आलं नाही की लाल चिठ्ठी बांधून मागं टाकायचे. निवृत्त होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. यांनी उरलेल्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घरी आणला. तेव्हापासून कुकर असो की कोथिंबीर, वैजनाथरावांच्या हाताखालून गेल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. लेकीला, चारुताला, बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी गॅलरीत उजेडाकडं तोंड करून बसवलं होतं. मुलगा पास झाला, पण "फिनिशिंग जरा कमी आहे" हा शेरा त्याला अजून चिकटलेला आहे.

म्हणून बायकोला, मीनाक्षीबाईंना, जाकीट घ्यायचं ठरलं तेव्हा ते कोण निवडणार, हे कुणी विचारलंच नाही.

जाकीट हवं होतं बर्फासाठी. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या बायकांत नीरजा म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होती. तिनं डिसेंबरात मनालीच्या वरच्या अंगाला पन्नाशीपुढच्या बायकांची सहल काढली. आधी बर्फातून चालायचं, मग पायाला लांब पट्ट्या बांधून घसरायला शिकायचं. मीनाक्षीबाईंनी आयुष्यात बर्फ पाहिला तो रसवंतीवर, भुसा झटकून फोडलेला. पण नीरजानं नावं विचारली तेव्हा सगळ्यांत आधी त्यांचाच हात वर गेला. हा हात आपलाच का, म्हणून त्या स्वतःच त्याच्याकडं बघत राहिल्या. लग्नानंतर त्या एकट्या कुठं गेल्या असतील तर बाळंतपणाला, आणि तिथंही वैजनाथराव तिसऱ्या दिवशी येऊन पाळणा हलवून बघून गेले होते.

नीरजाची अट सरळ होती. "वरच्या कॅम्पावर वारा आणि बर्फ झेलणारं जॅकेट नसेल तर बाईला खाली हॉटेलात बसवतात. मला कुणाला बसवून ठेवायचं नाहीये. निघायच्या आधीच्या रविवारी जॅकेट दाखवायचं. नाहीतर जागा दुसरीला, वाट बघणाऱ्या खूप आहेत."

"त्यात काय," वैजनाथराव म्हणाले, "मी बघतो ना."

आता, पाण्यात न भिजणारं जाकीट पारखायचं म्हणजे पाणी लागतं. आणि पाणीच नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. औरंगाबाद मात्र पडेगावच्या अंगानं फुगत चाललेलं; जिथं कालपरवापर्यंत ज्वारी होती तिथं सोसायट्यांच्या कमानी उभ्या राहिल्या. धारूरकरांच्या सोसायटीचं नाव मेघमल्हार. न्हाणीघरात बिल्डरनं परातीएवढा शॉवर बसवून दिला होता. त्यातून आजवर खाली आला तो एक कोळी. बाकी सगळं टँकरवर.

दोघं शहागंजात कय्युमभाईंच्या दुकानी गेले. शाळेची दप्तरं, छत्र्या आणि रेनकोट असं ते दुकान. दप्तरं जात होती. रेनकोट दोन वर्षं खुंटीला होते.

"आओ भाभी, बैठो. रेनकोट कु रोज धूप दिखारा हूं," कय्युमभाई म्हणाले, "पानी दिखाने की हसरत बाकी है."

वैजनाथरावांनी एक रेनकोट उजेडात धरला. "हे श्वास घेतं का?"

"साहब, साँस कायकु लेना उसने? साँस तो पहननेवाला लेता."

तो रेनकोट घरी आला. मीनाक्षीबाईंना तो घालून जिना चढायला-उतरायला लावलं गेलं. तिसऱ्या खेपेला त्या आतून अशा निथळल्या, की रेनकोट काढून झटकला तेव्हा शेजारच्या मालनबाईंनी विचारलं, "ताई, तुमच्या नळाला पाणी आलं व्हय?"

लाल चिठ्ठी. आणि यात वैजनाथरावांचं काही चुकलं नाही, हे मीनाक्षीबाईंनीही पदरानं मान पुसत कबूल केलं.

रेनकोट परत करायला गेले तेव्हा गल्ल्यावर कय्युमभाईंची लेक लाइबा होती. एनसीसीच्या कॅम्पात ती बर्फ बघून आलेली. "काकू, तुम्हाला रेनकोट नकोच," ती म्हणाली. "घरी मैद्याची चाळणी आहे ना? पीठ जातं, कोंडा अडतो. तसं या जॅकेटचं कापड असतं. पावसाचा थेंब म्हणजे कोंडा, घामाची वाफ म्हणजे पीठ. कोंडा आत येत नाही, पीठ बाहेर जातं."

मीनाक्षीबाईंना एका दमात सगळं कळलं. वैजनाथरावांना मात्र अजून हवं होतं. तिनं दिलंही. जाकिटानं ऊब मिळत नाही, ऊब आतल्या स्वेटरची; हे नुसतं वरचं कवच, म्हणून एक माप मोठं घ्यायचं. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. काखेत चेन हवी, चढावर उघडायला. टोपी कानटोपीवरूनही बसायला हवी. वैजनाथराव ऐकत होते आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कारखान्यातली तकाकी आली.

"बेटी, तू उनकु कायकु सिखारी?" कय्युमभाई आतून ओरडले. "अब ये मेरी जान लेंगे!"

घेतलीच. लाइबानं दिल्लीहून निळं जाकीट मागवून दिलं. वैजनाथरावांनी डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरनं शिवणींवर थेंब सोडले. खांद्याच्या शिवणीवर आतून पट्टी नव्हती. थेंब तिथं जरा थबकला, विचार केला आणि आत उतरला. लाल चिठ्ठी. कय्युमभाईंनी स्वतः बोट लावून पाहिलं. "हौ साहब, टपकता."

तिसरं जाकीट आलं झेंडूच्या रंगाचं, रविवारला दोन दिवस उरले तेव्हा, शुक्रवारी. मीनाक्षीबाईंनी ते घातलं, टोपी ओढली आणि कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. आरशातली बाई ओळखीची वाटली नाही, पण बरी वाटली. जिना चढून-उतरून पाठ कोरडी. ड्रॉपरची अख्खी बाटली संपली, आत टिपूस नाही. टोपी कानटोपीवरून बसली. काखेतली चेन लोण्यासारखी फिरली.

"झालं तर मग," त्या म्हणाल्या.

"थेंब म्हणजे पाऊस नव्हे," वैजनाथराव म्हणाले. "दाबाचं पाणी हवं. उद्या टँकर आहे."

शनिवारी सकाळी कडुबानं टँकर सोसायटीच्या हौदाला लावला. मांडीएवढा जाड पाइप हौदात सोडायच्या आत वैजनाथराव झेंडूच्या रंगाचं जाकीट घालून पुढं आले. आत छातीपाठीला, दोन्ही बाह्यांत वर्तमानपत्रं कोंबलेली. बुजगावणं चालत आल्यासारखं दिसत होतं.

"कडुबा, मार माझ्यावर."

"काका, जोर लई हाय. उगं पडसाल."

मालनबाई घागर घेऊन रांगेत पहिल्या. "पाण्याला आग लागलीय अन् हे न्हायला निघालं! एक थेंब वाया जाऊ देनार नाय मी."

बायकांची तिथंच सभा बसली. तोडगा निघाला: भाऊंनी उभं राहायचं ते टपात, आणि भोवतीनं ज्याचे त्यानं आपापले टप लावायचे. वैजनाथराव धुण्याच्या गुलाबी टपात उभे राहिले. सभोवार टप, घमेली, एक आंघोळीचं घंगाळ. कडुबानं पाइप उचलला.

पहिल्या फटक्याला वैजनाथराव टपासकट दोन पावलं मागं गेले. बायका आपापले टप घेऊन त्यांच्याबरोबर सरकल्या. पाणी झेंडूवर आदळलं, मोत्यांसारखं उधळलं आणि बाह्यांवरून पन्हाळीसारखं पडायला लागलं.

"भाऊ, डावा हात जरा खाली करा, माझं घंगाळ ऱ्हायलंय!"

"इकडं वळा की काका, आमच्याकडं पाठ कशाला!"

वैजनाथराव नाक दाबून वळले. कुणी म्हणेल तिकडं वळले. सगळे टप भरले तेव्हा कडुबानं पाइप हौदात सोडला. सगळ्यांसमक्ष जाकिटाची चेन उघडली. मालनबाईंनी हात घालून वर्तमानपत्रं बाहेर ओढली. पहिल्या पानावर धरण तळाला गेल्याची बातमी होती. ठणठणीत कोरडी होती. कमरेखाली मात्र वैजनाथराव चिंब, आणि विजारीचा रंग टपात उतरलेला.

"पास!" मालनबाईंनी जाहीर केलं. "येक थेंब बी प्यालं नाय जाकीट. आपल्या टाकीपरीस बरंय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीनाक्षीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. वैजनाथराव जाकिटाची बाही उजेडात धरून उभे होते. मनगटापाशी त्यांनी डोळे बारीक केले.

"इथं एक धागा सुटलाय."

आणि खिशातून लाल चिठ्ठी काढली. चिठ्ठीही भिजली होती.

"आवं, धागा व्हय?" मालनबाई म्हणाल्या. "आणा इकडं, दातानं तोडते."

वैजनाथराव तिथंच चिठ्ठी बांधायला लागले. तीस वर्षांत त्यांची गाठ कधी चुकली नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीलाही सरळ फास पडायचा. आज दोरा दोनदा बोटांतून निसटला. मीनाक्षीबाई ती बोटं बघत राहिल्या. मग त्यांनी जाकीट हातात घेतलं, चिठ्ठीसकट, आणि जिना चढून वर गेल्या.

वैजनाथराव टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात आले तेव्हा चहा तयार होता. जाकीट खुर्चीच्या पाठीवर घातलेलं. जणू तेही चहाला थांबलं होतं.

"अहो, एक विचारू? पास झालेल्या मालाला कुठली चिठ्ठी असायची?"

"हिरवी."

"मग घरी लाल तेवढ्याच का आणल्यात?"

"हिरवी मालाबरोबर जायची. माझ्याजवळ कशी राहील?" त्यांनी बशीत चहा ओतला. "पास झालेला माल गेटबाहेर पडला की पडला. पुन्हा तोंड दिसायचं नाही. रिजेक्टचा मात्र माझ्या टेबलामागं ढीग. वर्षानुवर्षं. काही काही तर मी ओळखायचो, हा अमक्या साली आलेला, कान तुटका..."

बोलता बोलता ते थांबले. आपण काय बोलून बसलो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"म्हणजे मी रिजेक्ट झाले, की तुमच्या टेबलामागं," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"तुला कोण म्हणतंय! जाकिटाला..."

"जाकिटात कोण असणार आहे?"

चहावर साय धरली. खाली बायका अजून टपांवरून भांडत होत्या.

"कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या तेही मला माहीत नाही," ते म्हणाले.

"ते शिकवीन. दुसरं सांगा."

"घसरून पडलीस तर?"

"पडणारच आहे. नीरजा म्हणाली, पहिल्या दिवशी पडायचंच शिकवतात. तिसरं?"

 "जावयाला पास केलं," ते बशीकडं बघत म्हणाले, "आणि चारुता बंगळूरला गेली."

मीनाक्षीबाईंना हसू आलं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. बत्तीस वर्षं या माणसानं घरातली प्रत्येक वस्तू पारखून घेतली, आणि पारखलेली वस्तू नजरेआड झाली की त्याला झोप येत नाही, हे त्यांना आज कळत होतं. कळलं म्हणून मनाली रद्द करणार नव्हत्या त्या. तो हात वर गेला होता तो त्यांचाच होता.

"अहो, गेटबाहेर जाऊन परत येणारा माल नव्हताच का तुमच्याकडं?"

"होता की. प्लेटिंगला जायचा, शेंद्र्याला. चकाकी चढवून परत." वैजनाथराव सवयीनं सांगू लागले. "त्याला गेटवर रिटर्नेबल म्हणून लिहून घ्यायचे. तसं लिहिलं नसेल तर वॉचमन सोडायचा नाही."

"आणि यायचा परत?"

"न येऊन सांगतो कुणाला! मी फोनवर फोन करायचो."

"मग मी प्लेटिंगलाच चाललेय," मीनाक्षीबाई म्हणाल्या. त्यांनी जाकिटाची बाही तोंडाशी नेली, सुटलेला धागा दातानं तोडला, लाल चिठ्ठीची गाठ सोडली आणि चिठ्ठी त्यांच्या बशीशेजारी ठेवून दिली. वैजनाथरावांनी ती उचलली नाही. ते म्हणाले, "शिट्ट्या किती?"

"डाळीला तीन."

रविवारी नीरजानं जाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. "वा! तपासून घेतलंत?"

"सबंध सोसायटीनं," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी पिशवी वैजनाथरावांनीच भरली. सगळ्या कप्प्यांच्या चेनी त्यांनी आधी पन्नासदा ओढून पाहिल्या. इतकं नीट भरलं की जाकिटाला जागाच उरली नाही. मग मीनाक्षीबाईंनी ते अंगावरच घातलं. डिसेंबर असला तरी दुपारी पडेगावात ऊन चांगलं चटके देत होतं. मालनबाई दही घेऊन आल्या, हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, तिकडं पाणी लई असतंय म्हनं. येताना येक घागर आणा."

रिक्षा गेटपाशी थांबली. वैजनाथराव वॉचमनच्या खोपटाकडं वळले.

"लिहा. बाई एक, जाकीट एक. रिटर्नेबल."

वॉचमननं डोकं खाजवलं. "काका, मी हितं फकस्त गाड्यांचे नंबर लिव्हतो."

"लिहा म्हणतो ना."

त्यानं लिहिलं. पेन दातात धरून त्यानं वर पाहिलं. "परत कधी, काका?"

 वैजनाथराव रिक्षाकडं वळले. मेघमल्हारात तारखांनी कुणी दिवस मोजत नसे. मीनाक्षीबाईंनी झेंडूच्या रंगाच्या टोपीतलं डोकं रिक्षाबाहेर काढलं.

"तीन टँकर मोजा म्हणावं. चौथा यायच्या आत!"

"चौथ्याला मी कडुबाला गेटच उघडणार नाही," वैजनाथराव म्हणाले, "तू आल्याशिवाय."

"आन् आमी प्यायचं काय, भाऊ?" मालनबाई कडाडल्या.

रिक्षा सुटली. वळणापर्यंत भांडण ऐकू येत होतं, आणि त्यात नवऱ्याचा आवाज चढा होता, हे ऐकून मीनाक्षीबाईंना बरं वाटलं. दौलताबादच्या रस्त्याला लागल्यावर गरम व्हायला लागलं. त्यांनी काखेतल्या दोन्ही चेनी उघडल्या, हात जरा लांब धरले. वारा एका बाजूनं शिरला, दुसरीकडून निघाला.

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. "मौसी, इत्ती गर्मी में जाकिट? ठंड लगरी क्या?"

"नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "श्वास घेतंय का बघतेय."