चौकटीपेक्षा मोठी काच

काचवाल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असता तर निदान काढून तरी टाकता आला असता. पण डॉक्टर म्हणाले, आतला पडदाच विरत चाललाय. टेपवरच्या रेघा त्याला आता मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसत. हात तेवढे देवानं शाबूत ठेवले होते. म्हणून बापलेकीनं ठरवलं, मापं तिनं घ्यायची, कापायचं त्यानं.

दुकान दोघा भावांचं. थोरला म्हणाला होता, "ही एक खिडकी बसवून दाखव. बसली तर दुकान तुझं, मी तोंड उघडणार नाही. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, विकून मोकळे होऊ."

खिडकी जुनी, चौकट तासायची नाही ही तिच्या मालकाची अट, काच नक्षीची. तसली आता कुठे बनत नाही. दुकानात शेवटचा तुकडा उरला होता.

लेकीनं चौकटीला टेप लावला. "रुंदी बासष्ट सेंटीमीटर."

"नक्की?"

"बाबा, गणितात पैकीच्या पैकी आहेत मला!"

काच मापापेक्षा जराशी आखूडच कापायची, ही त्याच्या हाताची सवय. लेकीनं पट्टी धरली, त्यानं दोन मिलिमीटर सोडून काच कापायचा हिरा ओढला. काच कशी लोण्यासारखी सुटली! दोघांचेही चेहरे उजळले.

आणि चौकटीत ती शिरेना.

"काय रे," बाजूला उभा राहून बघणारा थोरला म्हणाला, "चौकट वाळली, की काच सुजली?"

काचवाल्यानं लेकीला जवळ घेतलं. "टेपवर काय होतं, जसंच्या तसं सांग."

"एकसष्ट पूर्णांक सहा दशांश. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा धरायचा ना? शाळेत तसंच..."

"शाळेचं बरोबरच आहे गं. माझंच चुकलं, मी सांगितलं नाही. लाकूड जास्त झालं तर रंधा मारता येतो. काचेला रंधा कुठला? तिथं आकडा नेहमी खालीच उतरवायचा."

दोन-चार मिलिमीटरची पट्टी काचेतून सरळ सुटत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी बुडत्याला काडीचा आधार. देवाचं नाव घेऊन त्यानं हिरा ओढला, पकडीनं हलकेच मोडायला गेला. तडा आडवा धावला तो थेट दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

थोरला काही राक्षस नव्हता. त्यानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे आता. हे तुझ्यानं व्हायचं नाही." मग फोन काढून तो दाराबाहेर गेला.

लेक डोळे पुसत पुन्हा चौकटीपाशी गेली. वर, मध्ये, खाली टेप लावला. "बाबा, खाली एकसष्ट पूर्णांक चार दशांशच आहे! म्हणजे तीन ठिकाणी मोजायचं, सगळ्यात लहान धरायचं, आणि त्यातूनही थोडं कमी करायचं. बरोबर ना?"

"बरोबर," तो म्हणाला. "अगदी बरोबर, बाळा."

"मग आता कापायची?"

त्यानं तिच्या हातातला टेप घेतला आणि गुंडाळून ठेवला. बाहेर थोरल्याचा फोन लागला होता.