पट्टीवरची नावं

जानेफळच्या बसस्टॉपसमोर वामनरावांची एक खोली आहे, आणि त्या खोलीत सुचिताचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथंच. सकाळी पोथीचा एक अध्याय वाचून आणि तुळशीला पाणी घालून झाल्याशिवाय सुचिता संगणकाचं बटण दाबत नसे. संगणकाला उदबत्तीही ओवाळायची, पण त्याचा पंखा राख आत ओढतो म्हणून हातभर लांबून.

यंदाच्या चातुर्मासात तिनं नेम धरला होता : कोणाचीही निंदा तोंडातून काढायची नाही. सासू जनकाबाईंना तो पसंत नव्हता. "वांगं सोड, कांदा सोड," त्या म्हणाल्या, "निंदा सोडल्यावर संध्याकाळी आपण बोलावं तरी काय?" पण नेम तो नेम. पहिले आठ दिवस दोघी ओट्यावर बसून मुकाट्यानं गहू निवडत होत्या. गहू फार स्वच्छ झाला.

केंद्राची अडचण वेगळीच होती. गावात एका आडनावाची दीडशे घरं, आणि नावंही देवाधर्माची, ठरलेली. संगणकात 'वामन' शोधलं की अकरा निघत, 'किसन' शोधलं की एकोणीस. त्यातून कागद ठेवलेले फोल्डरात, ते फोल्डर दुसऱ्या फोल्डरात, ते आणखी तिसऱ्यात. माउस धरून हे उघड, ते बंद कर, यात दहा वाजता आलेला माणूस जेवायच्या वेळेलाही बाकड्यावरच असायचा. टेबल एवढं अरुंद की माउस फिरवताना कोपर घासून भिंतीचा चुना निघाला होता.

मलकापूरहून संगणक दुरुस्त करायला येणाऱ्या हर्षलनं एकदा ते पाहिलं आणि एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. दोन बटणं एकदम दाबली की पडद्याच्या मधोमध एक पांढरी पट्टी यायची. पट्टीत दोन अक्षरं लिहायची, खाली यादी येते, एंटर मारला की फाइल समोर.

"माउसले हातच लावू नका ताई," हर्षल म्हणाला. "परत्येकाले एक छोटं नाव देऊन ठेवा. जे तुमच्या डोक्यात पह्यलं येते, तेच द्या. म्हणजे भुलाचं काम नाही."

डोक्यात पहिलं येतं ते आधार कार्डावरचं नाव नसतं. किसनराव ज्याच्या घरी जातील तिथं "अर्धा कपच टाका" म्हणत आणि सहा वेळा अर्धा कप पीत. त्यांच्या फाइलला तिनं नाव दिलं 'अर्धाकप'. चांगुणाबाई अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. समोर जे काही लिहिलेलं दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्यांना तीस वर्षांची सवय. त्या झाल्या 'आकाशवाणी'. आणि खोलीचे मालक वामनराव, त्यांना दुसरं काही देताच येत नव्हतं. ते झाले 'उद्यापाहू'.

हे नेमात बसतं का, याचा सुचितानं देवघरासमोर बसून विचार केला होता. नेम तोंडाचा होता. बोटांचं त्यात काही ठरलेलं नव्हतं. तरी मनात कुसळ राहिलं, म्हणून रोज केंद्राला कुलूप लावताना ती या सगळ्या लोकांना मनातल्या मनात हात जोडायची. चारशे माणसं होती, तेव्हा सगळ्यांना मिळून एकच नमस्कार. काम मात्र झपाट्यानं व्हायला लागलं. जेवायच्या वेळेला बाकडं रिकामं असायचं.

अशातच ज्या संस्थेनं केंद्र चालवायला दिलं होतं तिचं पत्र आलं. जागामालकाचं सही केलेलं संमतीपत्र आणि घराच्या कराची पावती, दोन्ही एकतीस जुलैला संध्याकाळी पाचपर्यंत ऑनलाइन चढवायचं. नाही चढवलं तर केंद्र बंद. मग गावानं एकेका कागदासाठी मेहकर गाठायचं, आणि सुचितानं ओट्यावर बसून गहू निवडायचा.

वामनरावांची ना नव्हती. "नाही कशाले म्हणीन पोरी? तुहं केंद्र म्हणजे माह्याच खोलीची शोभा," ते म्हणाले. "उद्या पाहू." असे बावीस दिवस गेले. त्यांच्या घराचा जिना नऊ वर्षांपासून नुसता आभाळात गेलेला होता, कारण वरचा मजला उद्या होता.

एकतीस तारखेला वामनराव आपणहून आले. पीकविम्याचाही शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी सकाळी सुचिताचा नवरा गोपाल यानं बाकड्याकडे तोंड करून एक दुसरा पडदा बसवून दिला होता. तिचाच आग्रह होता तो. आपण काय भरतो हे लोकांना दिसावं, कोणाच्या मनात संशय राहू नये. तिच्या पडद्यावर जे असेल तेच बाकड्यावरच्यांना दिसणार होतं. या वाक्याचा पुढचा अर्थ मात्र तिच्या लक्षात आला नव्हता.

"किती टाइम लागीन वो सुचिता?" वामनराव टेबलाशी येऊन म्हणाले.

"दोन मिनिटं, काका." तिनं मनात ठरवलं होतं : आधी कामाचा वेग दाखवायचा, मग लगेच संमतीपत्र पुढं सरकवायचं. तिनं दोन बटणं दाबली. पट्टी आली. तिनं 'उद्' लिहिलं.

बाकड्यावर चांगुणाबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. "उद्यापाहू," त्या वर्गात वाचावं तशा खणखणीत वाचत्या झाल्या, "वामनराव, गट नंबर एकशे बारा."

टेबलफॅन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन आला.

"काय वाचलं वो बाई?" वामनरावांनी विचारलं.

"लिह्यलं हाय ते. मी मनचं काही वाचत नाही."

वामनराव पडद्याजवळ गेले. बराच वेळ वाचलं. अक्षरं चारच होती. "हे कोनं लिह्यलं?"

"मी, काका," सुचिता म्हणाली. खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम चातुर्मासापुरता नव्हता.

"काऊन?"

"लवकर सापडावं म्हणून."

"आन सापडते?"

"दोन अक्षरांत."

वामनरावांनी मान हलवली. मग आवाज थोडा खाली आणून विचारलं, "किसन्या कोन म्हणून हाय?"

"तोंडानं सांगता येत नाही काका. नेम हाय माहा."

"मंग टाइप कर."

तिनं टाइप केलं. नको म्हणायला हवं होतं, हे तिला एंटर मारल्यावर सुचलं.

"अर्धाकप," चांगुणाबाई म्हणाल्या. "किसनराव, गट नंबर अठ्ठ्याण्णव."

वामनराव एवढे हसले की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. किसनराव बाकड्याच्या टोकाला बसले होते. हातात समोरच्या टपरीवरचा कप होता, अर्धा.

"हास, वामन्या, हास," ते शांतपणे म्हणाले. "मी पेतो तं आजच्या आज पेतो. तुह्यासारखा उद्यावर नाही ठेवत."

आता अख्खं बाकडं हसलं. वामनरावांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "कुठी हाय तो कागद?"

"कोणता काका?"

"सहीचा! बावीस दिवस माह्या मागं लागली अन् आता कोणता म्हणते?"

सुचितानं कागद पुढं केला. वामनरावांनी एवढी दाबून सही केली की ती खालच्या दोन कोऱ्या कागदांवरही उमटली.

"काका," सुचिता म्हणाली, "कराची पावतीपण लागते."

"ते उद्या…" वामनराव म्हणाले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बाकडं त्यांच्याकडे पाहत होतं. चांगुणाबाईंनी श्वास घेतला.

"तुम्ही काही वाचू नका!" वामनराव ओरडले आणि उन्हात निघून गेले.

तेव्हा दीड वाजला होता. ते आले चार वाजून वीस मिनिटांनी, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन. अकरा वर्षांचे कागद लावायचे उद्यावर राहिले होते, त्यामुळे पावती नेमकी कुठं आहे ते त्यांना सांगता येत नव्हतं. बाकड्यावरच्या सगळ्यांनी मिळून पेटी उपसली. पावती किसनरावांना सापडली. पाचला दहा कमी असताना सुचितानं दोन्ही कागद चढवले आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

"आता ते नाव बदल," वामनराव म्हणाले.

तिनं बदललं. घरी जायच्या आधी बाकीची चारशे नावंही बदलली. नेम बोटांनाही लागू आहे, हे तिला आता पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी 'किसन' लिहिलं की एकोणीस निघाले. कोपर पुन्हा भिंतीला घासायला लागलं. जेवायची वेळ झाली तरी बाकडं भरलेलं. शेवटी किसनराव उठले. "पोरी, अर्धाकप टाक अन् मोकळं कर मले. घरी च्या ठेवेल हाय."

सुचिता थांबली. ज्याचं नाव त्यानंच आपल्या तोंडानं सांगितलं, तर ती आपण केलेली निंदा कशी? तिनं 'अर्धाकप' लिहून ठेवलं. मग एकेक जण टेबलाशी येऊन आपापलं नाव सांगायला लागला. दोघांनी आपल्यापेक्षा भावाचं नाव चांगलं आहे अशी तक्रार केली. चांगुणाबाईंनी 'आकाशवाणी' पूर्ण लिहायला लावलं, वर शुद्धलेखन तपासलं.

वामनराव पाचव्या दिवशी आले. सातबारा हवा होता. सुचितानं 'वामन' लिहिलं. अकरा नावं एकाखाली एक उभी राहिली.

"गट नंबर सांगा ना, काका."

तो त्यांना आठवेना. मागं रांग होती. वामनरावांनी एकदा बाकड्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग टेबलावर वाकून अगदी हळू म्हणाले, "ते जुनंच टाक."

"आज टाकाचं, का…" बाकड्यावरून किसनराव बोलले.

सुचितानं फाइलला जुनं नाव परत दिलं आणि पट्टीत दोन अक्षरं लिहिली. चांगुणाबाईंनी चष्मा नीट बसवला.