काठ येण्याआधी

दोन हजार चोवीस सालच्या फेब्रुवारीतील दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, बदलापूरपलीकडे धरणाकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये मच्छीमार संस्थेची सभा भरली, आणि तुळशीचा अर्ज सर्वांत शेवटी वाचला गेला. नवरा कोंडाजी दिवाळीत वारला होता. त्याच्या जागी आपणास सभासद करून घ्यावे, एवढीच तिची मागणी. सभासदत्वावाचून धरणात जाळे टाकता येत नसे. बायकांना सभासद करण्याचा ठराव संस्थेने वर्षापूर्वीच केला होता. अट एकच, ती बाई स्वतः जाळे टाकते, अशी ग्वाही एका सभासदाने द्यावी.

"तुळशीवयनी, तू मासली इकतेस ता सगल्यांना ठाव हाय," अध्यक्ष सदूभाऊ म्हणाले. "पन जालं तू कवा टाकलंस? कोनी बघितलंय?"

"स्टेशनावर टाकते की!" मागून कोणी ओरडले. "गिऱ्हाईक सुटत नाय तिच्यातून!"

शेड हसली. सवयीने तुळशीही हसली.

आठ वर्षांपूर्वी कोंडाजीच्या उजव्या हातातली पकड गेली. तेव्हापासून पहाटे होडी तिनेच वल्हवली, जाळे तिनेच टाकले, तिनेच ओढले. काठ येण्याआधी मात्र ती वल्हे त्याच्या डाव्या हातात देई, ओले जाळे त्याच्या खांद्यावर चढवी, आणि पाटी मांडीवर घेऊन विकणारणीसारखी पुढे बसे. काठावरून हाक येई, "कोंडाजी, आज बरंच घावलं रं!" त्याची मान ताठ होई. जे कष्ट कोणी पाहिले नाहीत ते झालेच नाहीत, असे म्हणणे न्यायाचे नव्हे. परंतु ते कोणी पाहू नयेत ही दक्षता तिनेच आठ वर्षे घेतली होती. मग दोष द्यावा कोणाला?

"आई, बोल ना गं," शेजारी बसलेली तिची मुलगी अक्षदा कुजबुजली. ती अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला होती. अर्ज तिनेच भरला होता. "बाबांच्या हाताचं सांग. तुझे हात दाखव त्यांना. नाहीतर जन्मभर दुसऱ्यांचीच मासळी विकशील."

तुळशीने तळहात पाहिले. जाळ्याच्या दोऱ्याने कापून कापून तेथे पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. मग तिने समोर पाहिले. भिंतीवर, वारलेल्या सभासदांच्या रांगेत, कोंडाजीचा नवा फोटो होता: खांद्यावर ओले जाळे, मान ताठ.

सदूभाऊंनी चष्मा काढला. "वयनी, तू एकदा हां बोल. सही मी करतंय."

ते तिच्या हातांकडेच पाहत होते. तुळशीने हात पदराखाली घेतले.

"जालं तेच टाकायचे," ती म्हणाली. "मी निस्ती पाटी धरून बसायची."

अक्षदाने तोंड फिरवले. सदूभाऊंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी अर्जावर शेरा लिहिला, आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचला:

"अर्जदार प्रत्यक्ष मासेमारी करत नाही. अर्ज नामंजूर."