कॅनभर डिझेल

स्टेपनी उतरवली, जॅक उतरवला, टपावरचं लोखंडी कॅरियर नटबोल्ट खोलून खाली टाकलं, आणि मग आमचे हे माझ्याकडे बघायला लागले.

"गो मालू," म्हणाले, "तू आज हितंच थांब."

"का? माझंपण वजन होतंय काय तुमच्या गाडीला?"

हे स्टेपनी भिंतीकडे लोटायला लागले. म्हणजे व्हयच. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला माझं वजन पहिल्यांदा नडलं ते असं, गडबच्या गॅरेजात, परक्या माणसासमोर. तसा जेकबमिस्त्री परका नाही म्हणा. आमची पिकअप नवी होती तेव्हापासून तिच्या इंजिनात हात घालणारा हाच एक माणूस. तो ज्यू, त्यांच्या धर्मात शनिवारी काम करत नाहीत, म्हणून आमची गाडीसुद्धा शनिवारी बिघडत नाही, असं मी त्याला चिडवायची. त्या दिवशी चिडवायलाही सुचलं नाही.

पेणहून रोह्याला गणपतीच्या मूर्ती पोचवायचं काम कित्येक वर्षं आमचं. सकाळी गाडी भरून झाल्यावर कारखान्याच्या मालकाचा मुलगा, शौनक, ह्यांच्या हातात डिझेलचा एक कॅन देऊन म्हणाला, "पुंडलिककाका, नव्या गाडीवाला एवढ्याच डिझेलात रोहा करून परत येतो. तुमच्या गाडीला दुप्पट लागतं. आज यात जमवून दाखवा, सीझन तुमचा. नाही जमलं तर मग मला काही बोलू नका." टाकी कोरडीच होती. कॅनातलं निम्मं तिच्यात ओतून आम्ही निघालो आणि पहिले गडबला येऊन थांबलो.

पोरगा वाईट नाही. पण आता बापाचा नाही, त्याचा शब्द चालतो. डोलवीकडे कंपनीच्या कामाला नव्या गाड्या लागतात, विटा-वाळूला डंपर आले. ही जुनी गाडी चालत होती ती फक्त मूर्तींवर. मूर्ती गेल्या की गाडी भंगारात, आणि गाडीशिवाय ह्यांना दुसरं काहीच येत नाही.

मिस्त्रीनं जमेल ते केलं. एअर फिल्टर बदलला, चाकाला घासणारे ब्रेक सैल केले. काळा धूर जरा कमी झाला. तेवढ्यानं ह्यांचं समाधान होईना.

"हवा भर," हे म्हणाले. "टाइट."

आता हे सांगायला हवं की मूर्ती नेणारा माणूस टायरात हवा कमी ठेवतो. टायर मऊ असला की खड्ड्याचा दणका टायरातच मुरतो, वर देवापर्यंत जात नाही. डिझेल जास्त जातं, जाऊ दे. मागच्या हौद्यात भाताचा पेंढा, पेंढ्यावर मूर्ती, आणि मूर्तींच्या मधे मी. सगळ्यात मोठ्या मूर्तीच्या पाठीला हात लावून बसायचं, आणि खड्डा आला की तिच्याआधी आपण दबायचं. इतक्या फेऱ्यांत एका गणपतीचा कान तुटला नाही. त्याची मला घमेंड होती आणि अजून आहे.

"टाइट केलीस तर ऍव्हरेज गावंल," मिस्त्री म्हणाला. "पन मागं शाडूच्या मूर्ती हायत. वैनीलापन उतरवतोस. डोकं ठिकाणावर हाय काय तुजं?"

"हळू जाईन."

"खड्ड्या-खड्ड्याला पयल्या गियरवर आलास तर डिझेल तेवढंच जाईल."

"मंग काय करू, तू सांग." ह्यांचा आवाज फाटला. "आजून काय काढू गाडीतनं? माजे हातपाय काढू?"

मिस्त्रीनं हवेचा पाइप उचलला. मी भांडणार होते. पण ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पदर खोचून खाली उतरले.

दिवसभर गॅरेजच्या बाकड्यावर बसून होते. मिस्त्रीनं चहा आणून दिला, तो तसाच निवला. देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. रोह्याच्या बाजूनं येणारी प्रत्येक पिकअप आमचीच वाटायची.

उन्हं कलली तेव्हा आमची आली. हे कॅन हातात घेऊन उतरले आणि मिस्त्रीपुढे हलवला. आत डिझेल डुचमळलं.

"उरलं," हे म्हणाले.

"जितलास की मर्दा," मिस्त्री म्हणाला. "घोडं गंगेत न्हालं तुजं."

पण ह्यांचे डोळे वर होईनात. मी फळका धरून हौद्यात डोकावले. पेंढ्यात एक मूर्ती तशीच होती, मोठी. आशीर्वादाचा हात मनगटातून गेलेला, कमरेतून आरपार तडा. जिथं मी बसायची, तिथं हाताचे तुकडे पडले होते.

"रोह्याच्या दुकानदारानं नाय घेतली," हे म्हणाले. "शौनकला फोन लावला त्यानं. शौनक म्हनाला, भंगलेली मूर्ती परत आनू नका, नदीत सोडा. आनि उद्यापास्नं येऊ नका."

"डिझेल उरलं ते सांगितलंत?"

"सांगितलं."

मला रडूही आलं आणि रागही आला. "मला का उतरवलंत?" मी म्हणाले. "मी असते तर धरली नसती?"

"नागोठण्याच्या पुढं खड्डा होता," हे म्हणाले. "दिसला गो मला. ब्रेक नाय मारला. म्हटलं, थांबलो तर परत उचलायला डिझेल जाईल."

मग हे खिळा घेऊन खाली बसले आणि एका टायरच्या व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडायला लागले. तो झाला, दुसऱ्याकडे गेले.

"आरं, काम गेलं ना," मिस्त्री म्हणाला. "आता कशाला सोडतोस?"

"मालू बसनार हाय मागं," हे म्हणाले.

चारही टायर मऊ झाले. कॅनात उरलेलं सगळं डिझेल ह्यांनी टाकीत ओतलं आणि रिकामा कॅन मिस्त्रीकडेच ठेवला. मी हौद्यात चढले, तुटलेले तुकडे ओटीत घेतले, मूर्तीच्या पाठीला हात लावला. आम्ही पेणला, भोगावती नदीकडे निघालो.

मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. हे प्रत्येक खड्ड्याशी गाडी जवळजवळ थांबवत होते, पहिला गियर टाकत होते, चाक अलगद उतरवून अलगद चढवत होते. मी सवयीनं आधीच दबायची. पण मागे धक्का म्हणून बसला नाही.