गोदूबाईंची बोलकी बरणी

कल्याणला गोदूबाईंच्या दारात सकाळपासून रांग लागली होती आणि त्या रांगेतल्या एकालाही लोणच्याची चव घ्यायची नव्हती. सगळ्यांना बरणीशी बोलायचं होतं.

पोपटबाबा दर माणसाला लिंबाच्या गोड लोणच्याची नवी बरणी घेत, झाकणावर हात ठेवून डोळे मिटत आणि विचारत, "माते, पोरीचं लग्न यंदा जमेल?" बरणी 'फुस्स' करी. लोक हात जोडत आणि तीच बरणी घरी नेत. दक्षिणा न टाकणाऱ्याच्या वेळी मात्र माता हटकून गप्प बसे.

"गोदूबाई, जन्मभर लोणचं विकलंत," बाबा म्हणाले. "आता प्रसाद विका. तुमचं मार्केटिंग खुद्द माता करतेय."

गोदूबाई विरघळल्या होत्या. ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात उद्या पहिला माल जायचा होता, आणि नेमकी आत्ताच माता प्रसन्न झाली होती.

तेवढ्यात रसिका आली. घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांना ती स्वच्छता आणि विक्रीचे धडे देई.

"बाबा, बरणी टेबलावर ठेवा. झाकणाला हात न लावता विचारा."

बाबांनी तीनदा विचारलं. माता बोलेना. रसिकाने बरणी उचलली आणि झाकण अंगठ्याने किंचित फिरवलं. फुस्स.

"माझ्याशी फुकटात बोलली," ती म्हणाली. रांगेत खसखस पिकली.

"मावशी, मीठ कमी केलंत ना?"

"आमचा मुलगा सुशांत म्हणालेला, लोकांना हल्ली कमी मीठ लागतं. लेबलवर तसं लिहिलंय."

"आणि बरण्या धुऊन ओल्याच भरल्यात. लोणचं आंबलं. त्याचा वायू झाकणाखाली कोंडला. सैल केलं की सुटतो."

बाबांची ध्यानाची वेळ झाली. त्यांनी दक्षिणेचा डबा उचलला. बायकांनी तो काढून घेतला आणि त्यांना तसंच ध्यानाला जाऊ दिलं.

गोदूबाईंचं लक्ष रांगेतल्या योगिनीकडे गेलं, शेजारच्या पोरीकडे; तिला सातवा महिना होता. तिने बरणी छातीशी धरली होती. त्यांनी बरणी काढून घेतली.

"नासकं लोणचं मी तुला देवाच्या नावाने देत होते गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

मग त्यांनी दुकानाला फोन लावला. "उद्या माल येणार नाही. खराब झालाय. नवा घालते, पुरतं मीठ घालून, बरण्या उन्हात वाळवून. थांबलात तर उपकार, नाहीतर राहू दे."

फोन ठेवून त्या रांगेकडे वळल्या.

"देव देव्हाऱ्यात ठेवा. बरणीतून आवाज आला तर हात जोडू नका, झाकण काढून वास घ्या. आणि ज्यांनी नेल्यात त्यांनी आत्ता घरी पळा, पोरं जेवायला बसायच्या आत."