पडक्या भिंतीची डागडुजी

पाच दिवसांच्या त्या पायी सहलीचा नियम एकच होता, आणि गाइडताईने तो पहिल्याच सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितला. किनाऱ्यावरच्या पुरातन अवशेषांतला एकही दगड हलवायचा नाही. जो हलवील त्याची सहल तिथेच संपली.

बाकीचे माना डोलावून मोकळे झाले. मिस्त्रीणबाईंनी मात्र नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री ताईच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होते आणि त्यांचा एक डोळा मिटलेला होता. भिंत सरळ ओळंब्यात आहे की नाही हे जोखताना तो आपोआप मिटतो.

हा मिटलेला डोळा बाईंनी तीस वर्षं सोसला होता. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, लेकीच्या सासरीसुद्धा. व्याह्यांनी सरबत पुढे केलं तेव्हा हे म्हणाले होते, तुमचा जिना अर्धा इंच झोपलाय.

म्हणून घरून निघतानाच बाईंनी त्यांची पिशवी उपसून थापी, ओळंबा आणि मोजपट्टी काढून घेतली होती. कारण त्यांना टोक गाठायचं होतं. पाचव्या दिवशी ही वाट समुद्रात घुसलेल्या टोकावर जाऊन संपते आणि तिथे तिन्ही बाजूंना नुसतं पाणी दिसतं, असं लेकीने तिकिटं हातात ठेवताना सांगितलं होतं. जन्मभर ब्लाउज शिवणाऱ्या बाईंच्या डोळ्यांपुढे हातभर अंतरापलीकडचं काही फारसं आलंच नव्हतं. या टोकासाठी त्या वर्षभर गच्चीवर रोज चाळीस फेऱ्या मारत होत्या. खालच्या बिऱ्हाडाने दोनदा तक्रार केली, तरी मारत होत्या.

पहिले दोन दिवस मिस्त्रींनी हात पाठीमागे बांधून ठेवले. तोंड बांधायचा नियम नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्नानगृहाची फरशी बघून त्यांनी निकाल दिला की उतार चुकलाय, त्या कोपऱ्यात पाणी साचत असणार, घरमालक रोज बोंबलत असणार. सहलीतले निवृत्त हेडमास्तर ताईचं आणि मिस्त्रींचं, दोघांचंही बोलणं वहीत सारख्याच भक्तीने उतरवून घेत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंडळी जेवून अवशेषांतल्या जुन्या जकात नाक्याच्या सावलीत लवंडली. बाई पाण्यात पाय सोडून बसल्या आणि अर्ध्या तासाने परतल्या, तर मिस्त्री भिंतीला टेकून बसलेले. चेहरा दूध पिऊन झालेल्या बाळासारखा. काम मनाजोगतं झाल्याशिवाय हा चेहरा येत नाही. जेवणाआधी जमिनीवर पसरलेला नाक्याचा कोपरा आता कमरेइतका उभा होता.

"किती?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"सातच दगड. जागा रिकाम्याच होत्या त्यांच्या."

"आणि ओळंबा कशाचा केलात?"

मिस्त्री एका हाताने पँट सावरत उठले. नाडी काढून तिला खडा बांधला होता.

बाईंनी त्यांना लेकीची शपथ घातली. टोक होईपर्यंत या भिंतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मिस्त्रींनी ती घेतली आणि पुढचे दीड दिवस पाळलीही. इतके गप्प होते की हेडमास्तरांनी त्यांना दोनदा ताप आहे का विचारलं.

पाचव्या सकाळी भरतीने खालची वाट गिळली. टोकाकडे जायला वरून वळसा घ्यावा लागला, आणि वळसा मागे फिरून नेमका त्याच नाक्यावरून जात होता. गाइडताईची ही दुसरीच खेप. नाका तिला पुस्तकातूनच जास्त ठाऊक; परवा तर तिथे नुसतं जेवणच झालं होतं. कोपऱ्यापाशी ती थबकली, पुढून-मागून बघितलं आणि सांगू लागली. मूळ बांधकाम किती देखणं, आणि हा कोपरा बघा, हा स्पष्टच नंतरचा, पडत्या काळातला. कारागिरी घसरली होती. घाईत, अडाण्याच्या हाताने केलेलं काम.

हेडमास्तरांनी मोठ्याने पुटपुटत लिहून घेतलं, "अडाण्याच्या हाताने."

बाईंनी नवऱ्याच्या पायावर पाय दिला. मिस्त्रींचे कान लाल झाले होते. ते चार पावलं चालले, पाचवं अडलं.

"ताई," ते म्हणाले, "त्या कोपऱ्याला ओळंबा लावा. केसाइतका फरक निघाला तर मी धंदा सोडीन. उलट तुमची मूळ भिंतच पोट काढून उभी आहे."

मग सगळं बाहेर आलं, नाडीसकट. ताई बिचारी रडकुंडीला आली. नोकरीचा प्रश्न होता. तिने पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा हुकूम असा की त्या माणसाला तिथेच बसवून ठेवा, मी जुने फोटो घेऊन येतो, भिंत होती तशी पाडून घेतो. बाकीच्यांनी पुढे जायला हरकत नाही.

मिस्त्री एका दगडावर बसले आणि बायकोसाठी जागा करायला थोडे सरकले. सगळे बाईंकडे बघू लागले. बाईंनी पाण्याची बाटली उचलली.

"अगं, कुठे निघालीस?"

"टोकावर," बाई म्हणाल्या. "शपथ मोडलीत तुम्ही. मी कशाला थांबू?"

आणि निघाल्या. वळणापर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही. वळणानंतर बघितलं, पण तिथून नाका दिसत नव्हता.

चार तासांनी त्या परतल्या तेव्हा नाक्यावर वेगळाच तमाशा चालू होता. साहेब घामाघूम होऊन हातात फोटो धरून उभे होते, आणि मिस्त्री दगड पाडण्यावरून त्यांना झापत होते. साहेब म्हणत होते, झालं, पुरे, असाच होता. मिस्त्री म्हणत होते, कुठे असाच? फोटोत याची सावली डावीकडे पडलीय, म्हणजे हा दोन बोटं तिरका हवा. तुम्हाला तुमच्याच पडझडीची किंमत नाही. हा सातवा दगड तिसऱ्यांदा पडत होता.

बायकोला बघताच मिस्त्रींचा आवाज उतरला. दगड तसाच पोटाशी धरून ते म्हणाले, "रागावलीस?"

"टोकावर पोचेपर्यंत होते."

"मग?"

"मग तिथे रागवायला जागाच नव्हती. पाणीच पाणी."

मिस्त्रींनी खाली बघितलं. यांना काही टोक आता दिसणार नव्हतं. साहेबांची जीप त्यांना थेट स्टेशनवर सोडणार होती.

"कसं होतं ते तरी सांग," ते म्हणाले.

बाई दगडावर बसल्या, त्यांनी बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि पहिल्या वळणापासून सांगायला घेतलं. वाटेतली काटेरी झुडपं, हेडमास्तरांची उडालेली टोपी, पाण्याचे तीन वेगवेगळे रंग, काही गाळलं नाही. साहेबही फोटो खाली करून ऐकत राहिले. मिस्त्री मध्ये एकदाच बोलले.

"जरा हळू सांग," ते म्हणाले. "मी अजून झुडपांतच आहे."